अधिक दोन

आमच्या सरांना 'नक्की' हा शब्द खपत नसे. कुणी 'नक्की' म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून ते विचारत, "अधिक-उणे किती?" डिपार्टमेंटचे शिपाईमामा सांगायला यायचे, "सर, प्राचार्यांनी अकराला बोलावलंय." सर विचारायचे, "अकरा, अधिक-उणे किती?" मामाही सवयीनं सांगून टाकायचे, "धा मिन्टं धरा." सर मग अकरा दहाला जायचे आणि प्राचार्य बहुधा तेव्हाच मोकळे झालेले असायचे. माझ्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन त्यांनी आधी वेळ वाचली. साडेअकरा. काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "अधिक दोन तास, सर." ते दीडला आले आणि नवरदेवाच्या आधी पोचले.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा सर विभागप्रमुख होते. माझे वडील ओझरच्या कारखान्यात फिटर. नाशिकरोडच्या आमच्या बौद्ध कॉलनीत बी.एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे मुलाखतीला निघाले तेव्हा निम्मी कॉलनी दारात उभी होती. मुलाखतीत बाकीच्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी मला आणि दुसऱ्या एका उमेदवाराला प्रयोगशाळेत नेलं, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या डोक्याचा एक केस ठेवला आणि म्हणाले, "ह्याची जाडी मोजा. पाच रीडिंग घ्या." ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप म्हणजे रुळावर सरकणारी दुर्बीणच म्हणा. भिंगात एक उभा तंतू असतो, तो वस्तूवर आणायचा आणि पट्टीवरचा आकडा वाचायचा. दुसऱ्या उमेदवाराची पाचही रीडिंग अगदी एकसारखी आली. माझी पाचही वेगळी. मी मनातल्या मनात परतीच्या बसचे पैसे काढून ठेवले. पण सर म्हणाले, "ह्या बाईंना घ्या. ह्यांनी पाच वेळा बघितलंय."

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. पहिल्या वर्षाच्या मिसरूड न फुटलेल्या पोरालाही "अहो, तुमचं जर्नल कुठं आहे?" असं विचारत. उन्हाळ्यातही त्यांच्या गळ्यात मफलर असे आणि खिशात पेनाशेजारी एक भिंग. ज्या माणसाचा सारा जीव आकाशात अडकला होता तो माणूस रात्री नऊला झोपत असे, हे मला फार उशिरा कळलं. मोठ्या दुर्बिणीतून त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं आकाश दुपारी दोन ते पाच या वेळात, प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीशी उघडायचं.

ते आकाश येत असे पोस्टानं. सरांचा एक वर्गमित्र परदेशातल्या वेधशाळेत होता. तो अधूनमधून तिथल्या फोटोच्या काचांच्या प्रती लोकरी स्वेटरात गुंडाळून पाठवायचा. स्वेटर सर शिपाईमामांना देऊन टाकत, त्यामुळे मामांकडे नाशिकमधल्या कुठल्याही शिपायापेक्षा जास्त परदेशी स्वेटर होते. काच बोटाएवढी. तिच्यावर एक करडी पट्टी आणि पट्टीत बारीक, उभ्या, काळ्या रेघा. बस. ही पट्टी म्हणजे एका क्वेसारचा, रंगांत पसरवून टिपलेला प्रकाश. क्वेसार म्हणजे अतिशय दूरचा आणि अतिशय तेजस्वी दिवा, असं सर सांगत. पण त्यांना दिव्याचं कौतुक नव्हतं. त्यांना रस होता तो वाटेत काय गमावलं त्यात.

हे वर्गात समजावताना ते पेठची एस.टी. काढत. "पेठहून गाडी भरून निघाली. कोण कोण बसलं त्याची यादी तुमच्याकडे आहे. तुम्ही नाशिकच्या स्टँडवर उभे आहात. रस्ता तुम्ही कधी पाहिलेला नाही. गाडी आली. त्यात चार माणसं कमी. म्हणजे काय?"

"वाटेत उतरली, सर."

"म्हणजे वाटेत गाव आहे. दिसलं का तुम्हाला ते गाव? नाही. पण आहे. कोण उतरलं हे कळलं की गाव कुणाचं तेही कळतं."

तसंच त्या प्रकाशाचं. तो अब्जावधी वर्षं चालत इकडे येतो. वाटेत दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची गावं, लागतात, अगदी सुरुवातीच्या काळातल्या, इतक्या मंद की कुठल्याही दुर्बिणीला दिसू नयेत. पण त्यांच्यातला वायू आपापला ठरलेला रंग गिळून ठेवतो आणि पट्टीत तिथं काळी रेघ राहते. रेघ आपल्या जागेपासून जितकी लाल बाजूला सरकलेली, तितकी ती दीर्घिका दूरची, आणि म्हणून तितकी जुनी. पोरं सरांना मागून 'पेठ गाडी' म्हणत. सरांना ते माहीत होतं. "गाडी आली की वर्गात बसा," असं ते स्वतःच एकदा म्हणाले होते.

तिकडे या काचा यंत्रानं मोजल्या जात. सरांचं मोजणं पडताळणीपुरतं होतं. पण त्यात त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. प्रत्येक काच दोघांनी मोजायची, एकमेकांची वही न बघता. सर आधी मोजत आणि वही कुलपात टाकत. मग मी, डावीकडून उजवीकडे, दिसेल त्या प्रत्येक रेघेवर तंतू आणून पाच-पाच रीडिंग घ्यायची. कुठे काय असायला हवं हे मला सांगायचं नाही. दोघांच्या याद्या खाकी पाकिटात बंद. शनिवारी दुपारी मामा चहा आणत आणि सर पाकिटं फोडून शेजारीशेजारी ठेवत. मग तिसऱ्या रकान्यात फरक लिहीत.

माझा फरक नेहमी अधिक दोन येत असे. मायक्रोस्कोपच्या मोजपट्टीवरची दोन बारीक घरं. कधी एक, कधी तीन, पण सरासरी दोन. मी तंतू रेघेच्या मधोमध न ठेवता किंचित उजवीकडे ठेवत असणार. मला त्याचा भयंकर राग यायचा. जेवणाच्या सुट्टीत दार लावून मी सराव करायची. सरांनी एकदा पकडलं आणि म्हणाले, "घालवू नका हो तो. तुमचं अधिक दोन मला माहीत आहे, मग मी ते वजा करतो. माहीत असलेला फरक त्रास देत नाही. तुम्ही उद्या सुधारलात तर माझी पंचाईत."

मामांनी एकदा आम्हाला जवळजवळ संपवलंच होतं. हातात ओलं फडकं घेऊन ते मला म्हणाले, "बाई, सरांच्या काचंवर वरखडे पडल्यात. पुसून काढू का?" मी किंचाळले. सर मात्र शांतपणे उठले, मामांना स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

"रेघा हायेत."

"किती?"

"चार. नाय, पाच. एक लय बारीक हाय."

सरांचा चेहरा फुलला. "ती बारीक पहिल्या दिवशी मला दिसली नव्हती," ते म्हणाले. त्या दिवसापासून मामा काचांचे राखणदार झाले. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा त्यांनी एकदा "हात नगा लावू" म्हणून मागं सारलं.

बुद्धपौर्णिमेला सर आमच्याकडे खीर खायला येत. वर तांबूस चंद्र आणि सर अंगणात खुर्चीत बसून म्हणत, "पौर्णिमा म्हणजे तिकडं वेधशाळेत काम बंद. हा एवढा उजेड काय कामाचा?" वडील नंतर मला म्हणाले, "पुनवेला नावं ठेवणारा माणूस मी जन्मात पयल्यांदा पाह्यला. पण तुझा सर लय नितळ माणूस हाय." वडिलांकडून एवढी शिफारस कुणाला मिळालेली मला आठवत नाही.

मग सातवी काच आली. मला लागून तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि सरांना निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्या काचेत सरांना एक रेघ सापडली होती, निळ्या टोकापासून बरीच सरकलेली. ती कार्बनची असेल तर ती दीर्घिका त्यांच्या वहीतली सगळ्यात जुनी ठरणार होती. पण कार्बन एकटी रेघ कधीच टाकत नाही. त्याच्या दोन रेघा असतात, एक ठळक, एक फिकी, आणि मधलं अंतर ठरलेलं. जोडी मिळाली तर दीर्घिका. नाही मिळाली तर ती एकटी रेघ कशाचीही असू शकते. शेजारी फिकीही दिसते असं सरांनी मित्राला कळवलं आणि मित्राचं उत्तर आलं: तिथल्या यंत्राला फिकी रेघ ठरवता येत नाही, तुम्हा दोघांनाही ती दिसली तर या शोधनिबंधावर तुझंही नाव घालतो. ते पत्र सरांनी मला तीन वेळा दाखवलं. प्रत्येक वेळी निमित्त वेगळं. एकदा तर तिकिटावरचा पक्षी बघा म्हणून.

काच माझ्याकडे देताना ते म्हणाले, "ह्या वेळी जरा लक्ष देऊन बघा." असं ते कधी म्हणत नसत.

मी तीन दुपारी बघितलं. तीस रेघा मोजल्या. एकोणिसावी ठळक होती. तिच्याजवळ फिकी काही असेल म्हणून उजेड कमी-जास्त करून बघितला, डोळे धुऊन बघितलं. काहीच नव्हतं.

गुरुवारी प्राचार्यांनी सरांना घाईनं बोलावलं आणि त्यांची वही टेबलावर उघडीच राहिली. मी बघायला नको होतं. बघितलं. एकोणिसावीशेजारच्या एका जादा आकड्याखाली लाल शाईच्या दोन रेघा होत्या. पण माझी नजर अडकली ती समोरच्या कोऱ्या पानावर. तिथं सरांनी स्वतःचं नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहून बघितलं होतं. आद्याक्षरांसकट, आद्याक्षरांशिवाय, वडिलांचं नाव पूर्ण लिहून, आणि शेवटी छापल्यासारखं, एकेक अक्षर कोरून. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा माणूस.

मी जागेवर आले, माझी यादी नव्यानं उतरवली आणि एकोणिसावीनंतर एक जादा, एकतिसावी रेघ घातली. पाच रीडिंग लिहिली. एक थोडं वर, एक थोडं खाली, सरासरी सरांच्या आकड्याएवढी. प्रॅक्टिकलला रीडिंग बनवणाऱ्या पोरांना पकडण्यात माझा हातखंडा होता. त्यामुळे बनवायची कशी हेही मला चांगलंच ठाऊक होतं.

शनिवारी मामा चहा ठेवून गेले. सरांनी पाकिटं फोडली आणि फरक मोठ्यानं वाचत लिहू लागले. "दोन. दोन. एक. तीन. दोन." एकोणिसावी झाली. तिच्याशेजारची रेघ माझ्या यादीत आहे हे बघून ते कागदावर पुढं वाकले. त्यांनी वजाबाकी केली आणि पेन थांबलं.

"शून्य," ते म्हणाले.

मी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"बाई, पाच वर्षांत तुमचं-माझं सरासरी शून्य कधी आलं नाही."

"येऊ शकतं की, सर."

"येऊ शकतं. पण नेमकं ह्याच रेघेला?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्हाला दिसली का ही?"

"नाही, सर."

खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. मी म्हटलं, "वही उघडी होती. तुमचं नाव लिहिलेलं बघितलं आणि..."

"मी तुमच्यावर रागावलेलो नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "नाही. थोडा रागावलोय." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सोमवारपासून परत मोजू. मीसुद्धा."

"पण तुम्हाला तर दिसलीय."

"मला कुठं बघायचं ते माहीत होतं, बाई. तुम्हाला नव्हतं. तुम्ही आहात त्या तेवढ्यासाठीच."

सोमवारी त्यांनी मला काच उलटी बसवायला लावली आणि शून्याची खूण मला हवी तिथं सरकवायला सांगितली, म्हणजे कोणती रेघ कुठं येईल याचा त्यांना अंदाज राहू नये. तीन दिवस मोजत बसले. मीही मोजलं. दोघांची पाकिटं उघडली. माझ्या तीस. त्यांच्याही तीस.

"हवी होती म्हणून दिसली," सर म्हणाले. मफलरनं त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले. मग मित्राला पत्र लिहिलं: ह्या काचेवर जोडी नाही, आधीचं रीडिंग माझी चूक, नाव घालू नये. माझ्या खोटेपणाचा त्यात एक शब्द नव्हता. पत्राखाली त्यांनी माझीही सही घेतली, रीडिंग घेणारे दोघं होते म्हणून. मी घरी जाऊन खूप रडले. आईला वाटलं नोकरी गेली.

निबंध छापून आला. त्यात ती रेघ नव्हती आणि सरांचं नावही नव्हतं. सरांना वाईट वाटलं. वाटलं नाही असं दाखवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. एक आठवडा मामांना अधिक-उणे विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. तोवर आम्ही आणखी दोन काचा मोजल्या. पाकिटं तशीच, चहा तसाच. पण त्यानंतर माझं रीडिंग ते पूर्वीसारखं मनापासून मानत होते की नाही, हे मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. त्या एका शून्यानं माझी पाच वर्षं पुसून टाकली असं मला वाटत राहिलं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असताना कॉलेजच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. स्वेटर, आणि स्वेटरात काच. चिठ्ठीत सरांच्या मित्रानं लिहिलं होतं: तोच क्वेसार, ह्या वेळी कितीतरी जास्त वेळ उघडी ठेवून घेतलेली काच. मला काय दिसतंय ते सांगत नाही. तुम्ही दोघं बघा.

मी चिठ्ठी घेऊन गंगापूर रोडला सरांच्या घरी गेले. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नव्या जाड चष्म्यातून डोळे मोठाले दिसत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "माझं स्टूल आहे का अजून?"

होतं. मामांनी ते पुसून उत्तरेच्या खिडकीशी ठेवलं. काच उलटी बसवायची आणि शून्य सरकवायचं, हे या वेळी आम्ही मामांकडून करून घेतलं. दोघांसाठी एकच मांडणी, पण ती आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. चार दिवस सर बसनं येत राहिले. ते मोजत तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात, मी मोजे तेव्हा ते. मी मनात काही ठरवायचं नाही असं ठरवून बघत होते. एका ठळक रेघेशेजारी मला काहीतरी दिसलं. मी उठले, तोंड धुतलं, परत बसले. होतं. पाच रीडिंग पाच वेगळी आली.

शनिवारी चहा आला. सरांनी पाकिटं फोडली आणि जुन्या सवयीनं फरक मोठ्यानं वाचू लागले. "तीन. तीन. चार. दोन. तीन." ते थांबले. "बाई, तुम्ही बदललात की मी?"

"तुमचा चष्मा बदललाय, सर."

"हां. असेल." ते पुढं निघाले. ठळक रेघ झाली. त्यांचं बोट खाली सरकलं. त्यांच्या यादीत तिच्याशेजारी एक फिकी रेघ होती. बोट माझ्या यादीवर आलं. तिथंही होती. त्यांनी वजाबाकी केली. खोडली. पुन्हा केली.

"अधिक तीन," ते म्हणाले. "दोन तुमचे. ते मी कुठंही ओळखीन. एक माझ्या चष्म्याचा."

मग त्यांनी दोन रेघांमधलं अंतर काढलं. कार्बनचंच होतं. नाव छापून येण्याचे दिवस गेले होते आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. तरी मी ते अंतर पुन्हा एकदा स्वतः काढून बघितलं. सर माझ्याकडे बघत होते, त्या मोठाल्या डोळ्यांनी, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दारातून मामांनी विचारलं, "घावली का, सर, ती बारीक?"

"घावली."

"नक्की?"

मी वाट बघितली. आता चष्मा कपाळावर जाणार, आता अधिक-उणे येणार. पण चष्मा हलला नाही.

"नक्की, मामा," सर म्हणाले. "बाईंनी पाहिलीय."